लेकीची पहिली शाळा आणि माझं आजारपण



जून आला की घराघरांत नव्या दप्तरांची आणि डब्यांची धांदल सुरू होते. लेकरू पहिल्यांदाच शाळेत जाणार असेल तर आईच्या पायाला भिंगरी लागते. पण नेमकी तेव्हाच आई आजारी पडली, आणि आजारही असा की लेकराला जवळ घ्यायचं नाही, तर? 2019 च्या जूनमध्ये माझ्यावर ही वेळ आली. मला क्षयरोग झाला होता, म्हणजे टीबी. आपल्यात हे नाव हळू आवाजात घेतात, म्हणून मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे.

दोन आठवडे झाले तरी खोकला जाईना, संध्याकाळी बारीक ताप यायचा आणि वजन उतरत चाललं होतं. थुंकी तपासल्यावर निदान झालं आणि 6 जूनला गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "नियमित औषध घेतलं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. तोवर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलीला वेगळं झोपवा." चिऊची शाळा 17 जूनला उघडणार होती. मी बोटांवर मोजलं. तो माझ्या औषधाचा बारावा दिवस होता.

मास्क लावून मी खोलीत बसलेली पाहिली, तेव्हा साडेतीन वर्षांची चिऊ दारातून म्हणाली, "मम्मी, तू महासतीजी झाली?" सासूबाई हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. मी तिला सांगितलं, "महासतीजी मुहपत्ती बांधतात ती बारीक जिवांना त्रास होऊ नये म्हणून. माझा खोकला तुला लागू नये म्हणून मी हे बांधलंय." तिला ते लगेच पटलं. लहान मुलांना खरं आणि थोडक्यात सांगितलं, तर ती मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

सगळ्यात अवघड गेले ते तिच्या तपासणीचे दिवस. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही हे कळेपर्यंत माळ हातात असायची, पण नवकार मध्येच तुटायचा. तिला आजार नव्हता. तरी घरात रुग्ण असताना लहान मुलांना प्रतिबंधक औषध देतात, म्हणून तिलाही सहा महिने रोज एक गोळी सुरू झाली.

मग प्रश्न आला, शाळेत सांगायचं का? सासरे म्हणाले, "सांगू नका. पोरीला कुणी शेजारी बसू देणार नाही." त्यांची भीती उगाच नव्हती. त्यांच्या बहिणीला हा आजार झाला, तेव्हा लोकांनी त्यांच्या घरचं पाणी सोडलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण आमची चिऊ बोलकी. मम्मी खोलीत असते, जवळ घेत नाही, हे ती पहिल्याच दिवशी सांगणार. आणि ती का रडते हे तिच्या बाईंना माहीत असायला नको का? ह्यांनी "तुला योग्य वाटेल ते कर" म्हटलं आणि मी बाईंना फोन केला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा." डॉक्टरांनी लिहून दिलं: मुलगी निरोगी आहे, तिच्यापासून कुणालाही धोका नाही.

शाळेत नेणं माझ्या हातात नव्हतं. मग पडल्या पडल्या जमेल ते केलं. चिऊचे शब्द एका कागदावर लिहिले. "पोटात गाणं" म्हणजे भूक. "चपला घालू" म्हणजे शी लागली. कान चोळायला लागली म्हणजे झोप आली. हे शब्द घरात मलाच नीट कळायचे. जाऊबाईंनी तो कागद पाठ केला आणि एक प्रत बाईंना दिली. रोज त्याच नेतील आणि त्याच आणतील हेही ठरवलं, कारण रोज नवा माणूस आला तर लेकरू बावरतं. पहिले चार दिवस चिऊ फाटकाशी रडली. पाचव्या दिवशी तिने डब्यातल्या मुगाच्या धिरड्याचा अर्धा तुकडा मैत्रिणीला दिला, आणि मला जाऊबाईंनी ते दारातून सांगितलं.

सगळं गोड झालं असं नाही. बातमी पसरली आणि एका आईने आपल्या मुलाची जागा चिऊच्या शेजारून बदलून घेतली. मला ते फार लागलं. पण लपवलं असतं आणि मग कळलं असतं, तर बाईही आमच्या बाजूने उभ्या राहिल्या नसत्या. त्या राहिल्या.

मैत्रिणींना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते. हा आजार हवेतून पसरतो, ताटवाटीतून किंवा कपड्यांतून नाही. त्यामुळे भांडी वेगळी काढून बाईमाणसाला परकं करू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. बरं वाटलं तरी मध्ये सोडायचं नाही. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. आहारासाठी सरकार दरमहा पैसेही देतं. तेव्हा 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले आहेत. दवाखान्यातल्या ताईंनी अंडी खायला सांगितली. मी म्हटलं, "आम्ही खात नाही." त्यांनी लगेच मूग, हरभरे, शेंगदाणे, दूध, पनीर लिहून दिलं. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असल्यामुळे माझा चौविहारही मोडला नाही. डिसेंबरमध्ये औषध पूर्ण झालं.

एक गोष्ट मला त्या महिन्यांत उमगली. लेकराच्या पहिल्या दिवशी फाटकाशी आईच उभी हवी असं काही नाही. पण उभं राहणाऱ्या माणसाला त्या लेकराची भाषा यायला हवी, आणि ती शिकवणं आईला अंथरुणातूनही जमतं.

तुमच्या गल्लीत, नात्यात अशी आजारी आई असेल, तर "काय झालंय?" हे चारचौघांत विचारू नका. तिच्या लेकराचा डबा भरून द्या. आणि सकाळी शाळेच्या वेळेला तिच्या दाराशी जाऊन विचारा, "आज मी सोडून येऊ का?"