अब्बांची कॅसेट

नंदुरबार म्हटले की पथारीवर वाळणारी लाल मिरची लोकांना आठवते. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळे होऊन हे जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्या काळी इथे घराघरांत टेप वाजत असे. आता तो शोधूनही सापडत नाही.

रमजानच्या आवराआवरीत आमच्या लोखंडी पेटीतून नऊ कॅसेटी निघाल्या. एकीवर उर्दूत लिहिले होते, 'अब्बा, ईद'. अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा आमची मुले जन्मलीही नव्हती. दादांचा आवाज त्यांनी ऐकलेलाच नाही.

जुना टेप आम्ही ऑनलाइन मागवला. चार दिवसांत पार्सल दारात आले. आतला रबरी पट्टा ढिला होता, म्हणून तोही मागवला. बसवून मात्र दिला मोहल्ल्यातल्या रेडिओवाल्या चाचांनीच.

साठ मिनिटांच्या त्या कॅसेटीत अब्बांनी खानदानातली नावे आणि कोण कुठून येऊन इथे वसले ते सांगितले आहे. हे कुठल्याच कागदावर नाही.

तुमच्याही पेटीत कॅसेटी असतील. फितीवर पांढरी बुरशी असेल तर लावू नका. फीत सैल असेल तर पेन्सिलीने गुंडाळा. कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून काही पुसले जाणार नाही. मग मोबाईलमध्ये उतरवून घ्या आणि एक प्रत भावंडांकडे पाठवा. घरातली बुजुर्ग मंडळी हयात असतानाच हे करा. त्यातले आवाज कुणाचे, हे तेच सांगू शकतील.