जुन्या मोटारीतील यूएसबी

आयकराच्या हिशेबात मोटारीवर सर्वसाधारणपणे दरसाल १५ टक्के घसारा धरला जातो. त्या हिशेबाने दहा वर्षांत तिची पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या एक पंचमांशाहूनही खाली येते. प्रत्यक्षात निगा राखलेली मोटार तेव्हाही उत्तम धावत असते. गिरगाव, ऑपेरा हाऊस, दादर या भागांतील व्यापारी कुटुंबांत अशा जुन्या उंची मोटारी आजही वापरात आहेत. त्या विकण्याचा विषय निघतो तो बहुधा नव्या पिढीच्या एका तक्रारीवरून: ‘‘हिच्यात फोन लागत नाही.’’

यूएसबीचे पहिले प्रमाण १९९६ साली ठरले. पिंपरी येथे मर्सिडीजच्या मोटारी १९९५ पासून तयार होऊ लागल्या. त्या पहिल्या मोटारींत यूएसबी शोधणे व्यर्थ. २००८ ते २०१२ च्या सुमारास घेतलेल्या मोटारींत मात्र ते पुष्कळदा असते, पण दर्शनी भागात नसते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मोटारींत ते दोन आसनांमधील आर्मरेस्टच्या कप्प्यात आहे. ऑडीच्या त्या काळच्या अनेक मोटारींत ग्लव्ह बॉक्समध्ये कंपनीचे निराळेच सॉकेट असते. त्याला तिचीच खास केबल जोडावी लागते.

गिरगावातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी असाच प्रसंग आला. वडील निवर्तले, त्यांची २०११ ची जर्मन मोटार राहिली. जुन्या बाजाराच्या, उधारी-वसुलीच्या त्यांच्या गोष्टी नातवाने फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. आजींना दृष्टिदोषामुळे फोन हाताळता येत नसे. दर रविवारी मुलीकडे दादरला जाताना मोटारीत तो आवाज ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा. एका दुकानदाराने सांगितले, ‘‘वायरिंग कापून संपूर्ण म्युझिक सिस्टीम बदलावी लागेल.’’ खर्चाचा आकडा ऐकून मुलाने मोटारच विकावयाचे मनात आणले.

लालबागचे जुने ड्रायव्हरकाका म्हणाले, ‘‘शेठजी, आधी नीट बघू तरी.’’ त्यांनी आर्मरेस्ट उघडला, आतील कागदपत्रे, सुट्टी नाणी, चष्म्याचे घर बाजूला केले. मागच्या कोपऱ्यात यूएसबी होते.

नातवाने फोन जोडला. तो अगदी मंद गतीने चार्ज होऊ लागला, पण आवाज येईना. कारण त्या मोटारीतील यंत्रणा पेन ड्राइव्ह ओळखते. आजचे अँड्रॉइड फोन फायली निराळ्या पद्धतीने पुढे करतात, ती तिला अवगत नाही. मग लॅमिंग्टन रोडवरून १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केला आणि ध्वनिफिती एमपी-३ मध्ये रूपांतरित करून त्यात भरल्या. पुढच्या रविवारी परळच्या सिग्नलला मोटार थांबली असता आजोबा उधारीच्या वहीची गोष्ट सांगत होते. आजी मध्येच म्हणाल्या, ‘‘रक्कम चुकीची सांगताहेत,’’ आणि हसू लागल्या. मोटार विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ज्यांच्या दारी अशी मोटार आहे त्यांनी प्रथम तिचे माहितीपुस्तक काढून ‘मीडिया इंटरफेस’ किंवा ‘यूएसबी’ हे प्रकरण पाहावे. अशा जुन्या यूएसबीतून साधारणपणे अर्धा अँपिअरच वीज मिळते. म्हणून फोन चार्ज करण्यासाठी सिगारेट लायटरच्या १२ व्होल्ट सॉकेटमध्ये चांगल्या प्रतीचा चार्जर लावावा. पेन ड्राइव्ह जोडणे-काढणे मोटार उभी असतानाच करावे. यूएसबी मुळातच नसेल, तर त्याच सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर अल्प खर्चात मिळतो आणि मोटारीच्या रेडिओवर आवाज ऐकता येतो.

व्यापारी माल मोडीत काढण्यापूर्वी गोदामात जाऊन तो स्वतः पाहतो. घरच्या मोटारीलाही तोच नियम लावावा.