कण्यांची पुरचुंडी

सकाळचे साडेसात वाजले की तुमच्या स्वयंपाकघरात काय चालू असतं हो? एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी, कुणी मोजे शोधतंय, कुणी ‘माझा डबा’ म्हणून ओरडतंय. अशा वेळी नाश्त्याला काय करायचं हा प्रश्न रोज नवा असतो. पोह्यांचा कंटाळा, उपम्याचा कंटाळा, आणि पाव आणून ठेवला की आपली सुटका! मीही कितीतरी वर्षं अशीच सुटका करून घेतली. पण त्या पावामागे माझी एक लबाडी होती. आज ती तुम्हाला सांगायची आहे.

माझं माहेर मंगळवेढ्याच्या बाजूचं. ज्वारीचं कोठार म्हणतात तो हा भाग. आमच्या घरी थंडीत सकाळी चुलीवर ज्वारीच्या कण्या रटरटत असायच्या. आई ज्वारीला पाण्याचा हात लावून उखळात हलकेच कांडायची, पाखडून कोंडा काढायची आणि जात्यावर जाडसर भरडायची. चाळणीखाली पडलं ते पीठ भाकरीला, वर राहिल्या त्या कण्या. गरम कण्यांवर ताक, लसणीची फोडणी आणि तोंडी लावायला कांदा. ते खाऊन आम्ही भावंडं दोन मैल चालत शाळेत जायचो, आणि दुपारपर्यंत भुकेचं नाव नसायचं.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. तेव्हा मी बारा वर्षांची होते. रेशनवर परदेशातून आलेली लालसर मिलो मिळायची. तिची भाकरी काही केल्या नीट व्हायची नाही, म्हणून आई तिच्याही कण्या करायची. त्या वर्षी कण्या सकाळी आणि कण्याच रात्री. ताक कुठलं, नुसतं मीठ! तेव्हापासून माझ्या मनात कुठेतरी बसलं की कण्या म्हणजे गरिबी.

१९८१ साली लग्न होऊन मी पुण्यात आले. सासरी टेबलावर पाव-लोणी, रविवारी इडली. माहेरी सकाळी काय खात होतीस, असं सासूबाईंनी एकदा सहज विचारलं. मी चटकन सांगितलं, “पोहे, नाहीतर शिरा.” बाई गं, किती सराईतपणे खोटं बोलले मी!

दोन वर्षांनी आई पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. हातात एक पिशवी, तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी. “तुला आवडतात म्हणून नव्या शाळूच्या भरडून आणल्यात. जावईबापूंनाही करून घाल,” म्हणाली. मी ती पुरचुंडी घेतली आणि फळीवर अगदी मागे, डब्यांच्या आड ठेवून दिली. सकाळी तिच्यापुढे पाव-लोणी ठेवलं. तिने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चहात पाव बुडवत म्हणाली, “छान आहे हो. मऊ आहे.” चार दिवस होती. चारही दिवस तिने पाव खाल्ला, कण्यांचं नाव काढलं नाही.

पुढे पावसाळ्यात ती पुरचुंडी सापडली तेव्हा तिच्यात टोके झाले होते. मी कण्या टाकून दिल्या आणि फडकं धुऊन ठेवलं. १९९६ साली आई गेली. त्या सकाळबद्दल मी तिच्याशी कधीच बोलले नाही.

आता गंमत ऐका. १९९८ साली सासूबाई आजारी पडल्या. दात गेलेले, तोंडाला चव नाही. मी साबुदाण्याची खीर करून पाहिली, भाताची पेज केली, काही जाईना. एका सकाळी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “अगं, नाचणीची आंबील करता येते का तुला? लहानपणी कोकणात आम्ही रोज तीच प्यायचो. इथे आल्यावर कुणाला सांगितलं नाही. हसले असते सगळे.”

मी तिथेच मटकन खाली बसले. सतरा वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात वावरत होतो आणि एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो! त्या दिवशी मी आंबील केली, आणि दुसऱ्या दिवशी कण्या. सासूबाईंनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, “हे तुझ्या आईला करून घालायचं होतंस गं.” त्यांना काय सांगणार?

तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस तरी गरम धान्याची न्याहारी असते. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? पण वेळ लागतच नाही, थोडी रात्रीची तयारी हवी, इतकंच.

कण्यांचं म्हणाल तर एक वाटी कण्या रात्री धुऊन चार वाट्या पाण्यात भिजवाव्यात. सकाळी मीठ घालून त्याच पाण्यासकट कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या कराव्यात. जरा कोमट झाल्यावर ताक घालावं, उकळत्यात घातलं तर फाटतं. वरून जिरं, लसूण आणि मिरचीची फोडणी. कण्या बाजारात तयार मिळाल्या नाहीत तर गिरणीवाल्याला ज्वारी जाडसर भरडून द्यायला सांगा आणि पीठ चाळून काढा.

आंबिलीसाठी दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ रात्री अर्धी वाटी पातळ ताकात कालवून ठेवावं. सकाळी दोन वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणावी, त्यात ते मिश्रण सोडावं आणि हात न थांबवता ढवळावं, नाहीतर गुठळ्या होतात. पाच-सात मिनिटांत चकाकी येते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आपल्या वयाच्या बायकांनी हे ध्यानात ठेवावं.

मुलांना गोड हवं असेल तर गव्हाचा दलिया चमचाभर तुपावर खमंग भाजावा, तिप्पट गरम पाण्यात शिजवावा आणि पूर्ण मऊ झाल्यावरच गूळ घालावा. आधी घातला तर दाणा कडक राहतो. दूध घालायचं ते गॅस बंद करून.

एक सावधगिरीची गोष्टही सांगते. आमच्या ह्यांना २०११ पासून मधुमेह आहे. धान्य अखंड आहे म्हणून वाटेल तेवढं खावं असं नाही. पातळ, फार शिजलेली पेज साखर लवकर वाढवते. म्हणून त्यांना जाडसर कण्या, त्याही मोजून एक वाटी, आणि सोबत मोडाची उसळ किंवा भाजी. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि भरड एकदम महिन्याची करू नका, विशेषतः बाजरीची. ती लवकर खवट होते. आठ-पंधरा दिवसांपुरतीच करा.

२०२३ हे वर्ष जगभर पौष्टिक तृणधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. तसा ठराव भारतानेच मांडला होता. आता चांगली शाळू ज्वारी गव्हापेक्षाही महाग मिळते. दुकानात चकचकीत पाकिटात कण्या पाहिल्या की मला हसूही येतं आणि डोळ्यांत पाणीही. आमची सून ओट्स करते, तेही मी आवडीने खाते. धान्याला कसली आली जातपात! पण नात मात्र विचारते, “आजी, आज कण्या?”

आईचं ते फडकं अजून माझ्याकडे आहे. नव्या कण्या आल्या की मी त्या आधी त्याच्यात बांधते आणि फळीवर अगदी पुढे ठेवते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा.

मैत्रिणींनो, तुमच्या आईने किंवा सासूने प्रेमाने आणलेली एखादी पुरचुंडी तुमच्याही फळीवर मागे पडली असेल. उद्या सकाळी ती पुढे काढा. आणि ती माणसं अजून आहेत ना? मग पहिली वाटी त्यांच्यापुढे ठेवा.