वसई ते अर्नाळा

२६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत दुकानाच्या किल्ल्या प्रथमच मुलाच्या हाती देऊन शेठजी सपत्नीक मोटारीने निघाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा किल्ला पाहिला खरा. शेठजींचे लक्ष मात्र मोबाइलवर. भुईगाव, कळंब, राजोडी हा सुरूच्या बनांचा किनारा मागे पडला. आगाशीस श्रीमुनिसुव्रत स्वामींचे दर्शन घडले. राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवावी, तेव्हा तेथील प्रसिद्ध सुकेळी होतात. शेठजींना भाव चढा वाटला (व्यापाऱ्यास दुसऱ्याचा भाव नेहमीच चढा वाटतो!); पत्नीने घासाघीस न करता ती घेतली. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून दोघे अर्नाळ्याच्या वाळूत बसली. मुलाचा फोन दोनदा वाजला. शेठजींनी तो घेतला नाही.