अब्बांचा पाट

परवा दहावीच्या वर्गात विचारलं, भांडवली खर्च म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, विहीर खोदणं. आणि तुमचा पगार महसुली!" वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर बरोबर होतं.

केंद्राचा भांडवली खर्च 2020-21 मध्ये सव्वाचार लाख कोटींच्या आसपास होता. 2024-25 च्या अर्थसंकल्पात तरतूद 11.11 लाख कोटींची, म्हणजे जीडीपीच्या 3.4 टक्के. वाढ मोठी आहे, नाकारत नाही. पण राहुरीच्या माणसाला अशा आकड्यांबरोबर निळवंडे आठवतं.

1970 मध्ये या धरणाचा खर्च धरला होता सुमारे 8 कोटी. ऑक्टोबर 2023 मध्ये डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं, तोवर आकडा 5,177 कोटींवर गेला होता. महागाईचा वाटा त्यात आहेच. पण निधी तुकड्यातुकड्याने आला की काम रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं काम महागतं. तक्त्यात मात्र ही उशिराची किंमतही गुंतवणूक म्हणूनच दिसते.

मुळा धरणाचं पाणी आमच्याच तालुक्यात सत्तरच्या दशकात आलं. त्या भागातल्या मामूंनी ऊस लावला, पक्कं घर बांधलं. आमचं रान पश्चिमेला, जिराईत. ईदला मामूंकडून परतताना अब्बा दर वेळी म्हणायचे, "आपलाही पाट येईल, इंशाअल्लाह."

2016 मध्ये ते गेले. सातबाऱ्यावर आता आम्हा भावांची नावं आहेत. चारी अजून शेतापर्यंत आलेली नाही. धाकट्याने यंदाही बाजरीच पेरली.