रजेचे सात दिवस आणि कोकणचा समुद्र

कामगाराच्या घरात रजा कशासाठी घेतली जाते? लग्नासाठी, मयतासाठी, आजारपणासाठी, नाहीतर गावच्या घराचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी. उरलेली रजा विकायची आणि त्या पैशातून मुलांच्या फिया भरायच्या. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आपल्या पट्ट्यात पंचवीस-तीस वर्षे कारखान्यात काढून निवृत्त झालेले कितीतरी बांधव असे आहेत, की कुटुंबाला घेऊन एक आठवडा नुसत्या विश्रांतीसाठी त्यांनी कधी काढलाच नाही. समुद्र पाहिला तो 6 डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहून, दादरच्या चौपाटीवर. तोही लांबूनच.

फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. ते आधी काढून टाकले पाहिजे. पगारी रजा ही मालकाची मेहेरबानी नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1945 साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर काम केलेल्या कामगाराला सलग दहा दिवसांच्या पगारी रजेचा हक्क मिळाला. पुढे 1948 च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा ठरवली. ही रजा शरीराला आणि मनाला विसावा मिळावा म्हणून मिळवलेली आहे. वर्षातून एकदा तरी ती त्याच कामी लागली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, आम्ही ठेकेदाराकडे आहोत, आम्हाला कसली रजा? उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात नगावर काम करणारे आहेत. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आहेत. त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांनी सात दिवसांचा बुडालेला रोजही सहलीच्या खर्चातच धरावा आणि दिवाळीत काम बंद असते तेव्हाचा आठवडा निवडावा. गैरहजेरीचा खाडा मनात टोचत राहिला तर समुद्रावर जाऊनही सुख लागत नाही.

जायचे कुठे? गोवा, केरळ ही नावे मोठी. परंतु आपल्या दारापासून एका दिवसाच्या प्रवासावर रायगड आणि रत्नागिरीचा किनारा आहे. आपल्या वस्त्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली पुष्कळ घरे आहेत. त्यांच्या मुलांनी पाण्याचा प्रवाह पाहिला तो वालधुनीचा, रसायनाने काळा झालेला. बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीत समुद्राला मिळते, हे पुस्तकात वाचले, डोळ्यांनी पाहिले नाही. महाडवरून वाहणारी सावित्री बाणकोटला समुद्राला कशी मिळते, ते मात्र या सहलीत दिसते. आमची आखणी म्हणूनच या नदीच्या वाटेने आहे.

प्रथम हंगाम. पावसाळा सरळ टाळावा. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिकडे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जुलै 2021 मध्ये सगळे महाड पाण्याखाली होते. दिवाळीची सुट्टी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवाळीत डोंगर अजून हिरवे असतात, समुद्र निवळलेला असतो. नाताळच्या आठवड्यात मात्र किनाऱ्यावर गर्दी आणि खोल्यांचे भाडे दोन्ही चढते.

दुसरी गोष्ट पैशाची. आठवड्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तर वर्षाचे दहा हजार चारशे होतात. शेजारच्या चार घरांनी मिळून सहलीची भिशी सुरू केली तर आणखी सोपे. जमलेल्या रकमेचे चार वाटे करावेत: प्रवास, राहणे, जेवण आणि अडीअडचण. चौथ्या वाट्याला परत येईपर्यंत हात लावायचा नाही. प्रवास एस. टी. चाच ठेवावा. मार्च 2023 पासून एस. टी. त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. त्यांचे आधारकार्ड विसरू नये. पुरुष मंडळींसाठी ‘आवडेल तेथे प्रवास’ हा सात दिवसांचा पास मिळतो. पास स्वस्त पडतो की सुटी तिकिटे, याचा हिशेब विठ्ठलवाडी किंवा कल्याण आगारात विचारून आधीच करावा.

आता सात दिवसांची वाटणी पाहू.

पहिला दिवस महाडचा. सकाळी लवकर निघून पनवेलमार्गे दुपारपर्यंत महाड गाठावे. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांना निवांत बसवावे. 20 मार्चला तिथे उभे राहायला जागा नसते. एरवी तळे शांत असते आणि मुलांचे प्रश्न ऐकायला आपल्यालाही वेळ असतो. 1927 साली बाबासाहेबांनी इथे ओंजळभर पाणी घेतले आणि त्या पाण्याचा हक्क हायकोर्टात पक्का व्हायला 1937 साल उजाडले, हे इथेच सांगावे. उन्हे कलल्यावर महामार्गालगतची गांधारपाले लेणी चढावीत. वरून सावित्रीचे खोरे दिसते.

दुसऱ्या दिवशी मंडणगड तालुक्यात जावे. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव याच तालुक्यातले. गाव डोंगरात आहे आणि एस. टी. च्या फेऱ्या मोजक्या आहेत, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी. मुक्कामाला मंडणगड.

तिसरा दिवस वेळास आणि बाणकोट. महाडला पाहिलेली सावित्री इथे एवढी रुंद होते की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. खाडीच्या या बाजूला रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी मिळून ती राखू लागले. पिल्ले साधारण पन्नास दिवसांनी बाहेर येतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे गेलात तर पहाटे किंवा संध्याकाळी ती समुद्राकडे जाताना दिसू शकतात. पिल्लांना हात लावू नये, बॅटरीचा झोत टाकू नये.

चौथा आणि पाचवा दिवस दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर: हर्णै, आंजर्ले, मुरूड, कर्दे. यातल्या एका ठिकाणी मुक्काम करावा. (मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचे मुरूड रायगडात, हे दापोलीचे. तिकीट काढताना सांगावे.) या दोन दिवसांत काहीही बघायचे ठरवू नये. मुलांनी वाळूत खेळावे, आईने दुपारी झोपावे, वडिलांनी नारळाच्या सावलीत पडून राहावे. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव लागतो, तो पाहण्यासारखा असतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो.

सहाव्या दिवशी दापोली. जवळच वणंद, माता रमाईंचे माहेर. त्यांचे वडील भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहून घर चालवत. आदल्या दिवशी बंदरावर पाटी डोक्यावर घेऊन चालणारी माणसे पाहिल्यावर हे वाक्य मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेळ उरला तर पन्हाळेकाजीची लेणी पाहावीत. कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. सुरुवातीची बौद्ध, नंतर तिथे नाथपंथीय आले.

सातव्या दिवशी खेड स्टेशनवर येऊन कोकण रेल्वेने परत. पनवेल किंवा दिव्याला उतरले की घर जवळ. सोमवारी कामावर जायचे असेल तर शनिवारीच घरी यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, पाण्याची भीती आणि पाण्याचा मान. कोंडेश्वरला पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. समुद्र त्याहून फसवा. 1 फेब्रुवारी 2016 रोजी जंजिऱ्याच्या मुरूडला सहलीस आलेले 14 विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. भरती-ओहोटी समजून घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कोकणात एक ढोबळ हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि तेव्हा उधाण असते. किनाऱ्याचे दोन दिवस अष्टमीच्या जवळपास धरावेत, त्या वेळी पाण्याचा चढउतार कमी असतो. ओहोटीचे पाणी आत ओढते, म्हणून ओहोटी लागली की बाहेर यावे. कमरेच्या वर पाण्यात कोणीही जाऊ नये. मुलांच्या आणि समुद्राच्या मध्ये एक मोठा माणूस उभा असावा. दारू प्यालेल्याने पाण्यात पाय टाकू नये. आणि गावातल्या कोळ्याने ‘इथे नको’ म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये.

राहण्यासाठी घरगुती सोय बरी. जेवण त्याच घरी मिळते. स्टो आणि पातेली बरोबर घेऊन गेलात तर घरच्या बाईची फक्त चूल बदलते, सुट्टी होत नाही. जेवणाचा खर्च थोडा वाढला तरी चालेल, पण हे सात दिवस तिने भाकरी थापू नये. दुसरे असे, की घरगुती ठिकाणी नाव विचारतात, आडनाव विचारतात, कधी त्यापुढचेही विचारतात. आपले पूर्ण नाव स्वच्छ सांगावे. खोली फोनवर ठरवतानाच सांगितले तर आणखी चांगले. ज्याला ते नाव ऐकून खोली रिकामी नसल्याचे आठवते, त्याच्याकडे आपला पैसा जाऊ नये. दुसरे दार उघडे असते.

सामान थोडे घ्यावे. नेहमीची औषधे, मिठाच्या पाण्याने अंग चिकटते म्हणून जास्तीचा टॉवेल, एक बॅटरी, मुलांसाठी वही-पेन्सिल. रोज रात्री त्या दिवशी काय पाहिले ते मुलांना चार ओळींत लिहायला सांगावे.

बाकी काम घरी, रात्री जेवणानंतर होण्यासारखे आहे. कॅलेंडर काढून अष्टमी पाहावी, मुलांच्या परीक्षा पाहाव्यात, तारखा ठरवाव्यात आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यावा. अर्जात रजेचे कारण म्हणून ‘घरगुती काम’ लिहायची आपल्याला सवय आहे. या वेळी सरळ लिहावे: कुटुंबासह विश्रांती.