निकाराग्वाचा दुसरा किनारा

निकाराग्वाची राजधानी, जुनी शहरं, ज्वालामुखींची रांग, सगळं पॅसिफिकच्या बाजूला. पूर्वेचा कॅरिबियन किनारा म्हणजे देशाचा जवळपास निम्मा भूभाग, पण वस्ती विरळ. खाजणं, खारफुटी, पाइनची माळरानं, आतल्या बाजूला दाट जंगल. ब्लूफील्ड्सला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. अगदी अलीकडेपर्यंत तिथे गाडीरस्ताच नव्हता. एल रामापर्यंत बस, पुढे एस्कोंदिदो नदीतून बोट.

*

स्पेनची सत्ता इथे कधी रुजली नाही. मिस्किटू या स्थानिक समाजाचे राजे होते, त्यांच्या पाठीशी इंग्रज. १८९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सेलाया यांच्या सरकारनं सैन्य धाडून हा मुलूख देशाला जोडला.

*

या किनाऱ्याची स्वायत्तता युद्धातून आली. १९८२ मध्ये डाव्या सँडिनिस्टा सरकारनं कोको नदीकाठच्या मिस्किटूंना त्यांच्या गावांतून जबरदस्तीनं हलवलं. अनेक जण नदी ओलांडून होंडुरासमध्ये गेले, अनेकांनी शस्त्रं उचलली. त्याच सरकारनं १९८७ मध्ये स्वायत्ततेचा कायदा केला. याचं श्रेय दोन्ही बाजूंना द्यायला हवं.

*

स्वायत्त प्रदेश दोन: उत्तरेचं मुख्य ठाणं बिलवी, दक्षिणेचं ब्लूफील्ड्स. प्रत्येकी ४५ निवडून आलेल्या सदस्यांचं मंडळ. मिस्किटू, मायांग्ना, रामा, गारिफुना, क्रिओल, मेस्तिसो अशा सगळ्यांना जागा मिळावी म्हणून काही मतदारसंघांत उमेदवारयादीतलं पहिलं नाव ठरावीक समाजाचंच असावं लागतं. ही तरतूद मला फार आवडते. पण स्वायत्ततेच्या कायद्याची नियमावली यायला २००३ उजाडलं. सोळा वर्षं!

*

१९९३ च्या कायद्यानं इथल्या भाषांना स्वायत्त प्रदेशांत अधिकृत दर्जा दिला. रामा भाषेपर्यंत तो फार उशिरा पोचला. रामा के या बेटावरची बहुतेक माणसं तोवर क्रिओल इंग्रजी बोलू लागली होती. रामा बोलणाऱ्या नोरा रिग्बी यांनी भाषाशास्त्रज्ञ कोलेत ग्रिनेवाल्ड यांच्यासोबत भाषेची नोंद करून ठेवली, म्हणून आज शिकवायला काही हाती आहे.

*

खरा प्रश्न जमिनीचा. आवास तिंग्नी हे मायांग्नांचं गाव. त्यांच्या जंगलात सरकारनं एका परदेशी कंपनीला लाकूडतोडीचा परवाना दिला. गाव आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये जिंकलं. सामूहिक मालकीचा कागद मात्र हाती पडला २००८ च्या अखेरीस. मधल्या काळात, २००३ मध्ये, सामूहिक जमिनींचा कायदा क्र. ४४५ लागू झाला. त्यात पाच टप्पे: अर्ज, वाद मिटवणं, मोजणी, मालकीपत्र, आणि शेवटी हक्क नसताना जमिनीवर बसलेल्यांचा निवाडा. पहिले चार टप्पे पार पडून मोठमोठे प्रदेश गावांच्या नावावर झाले. पाचवा जवळजवळ कुठेच झाला नाही. पश्चिमेकडून येणारे वसाहतवाले जंगल तोडून गुरं चारतात, हल्ले होतात, मायांग्ना आणि मिस्किटू माणसं मारली जातात. मालकीपत्र घरात आणि शेतात दुसराच, याला स्वायत्तता म्हणायला माझं मन धजत नाही.

*

२०२३ मध्ये मिस्किटूंचे जुने नेते ब्रुकलिन रिवेरा यांना अटक झाली आणि यातमा या त्यांच्या पक्षाची मान्यता रद्द झाली. २०२४ च्या प्रादेशिक निवडणुका यातमाविना झाल्या. यादीतल्या पहिल्या नावाचा नियम तेव्हाही लागू होता.